मगदूम मास्तरांची काळी पाकोळी

मगदूम मास्तरांना चिडवायचं असेल तर फार डोकं चालवावं लागत नसे. त्यांच्यासमोर कुठल्याही सहा पायांच्या जिवाला नुसतं 'किडा' म्हणायचं. झालं! चष्मा कपाळावर चढायचा, हातातला खडू टेबलावर आपटायचा.

"शिंदे, तुमाला कुणी नुसतं 'माणूस' म्हणून हाक मारली तर चालंल का? आवं माणूस, जरा हिकडं या!"

"चालेल की," मी म्हणायचो. "मास्तर म्हणण्यापेक्षा बरं."

आम्ही दोघं सांगलीच्या एका हायस्कुलात नोकरीला होतो. मी वाईकडचा, पोरांच्या डोक्यात इतिहास कोंबणारा. ते निसर्गशास्त्राचे. जवळच्याच खेड्यातल्या जैन शेतकऱ्याच्या घरातले, नाव नेमगोंडा. अंगानं उंच, पण जन्मभर खाली बघत चालल्यामुळं पाठीत वाकलेले. अंगात काळा कोट, आणि त्या कोटाचे खिसे काड्यापेट्यांनी टम्म फुगलेले. बाप रे, त्या काड्यापेट्या! मास्तर विडी ओढत नसत, घरी चूल पेटवायचं काम त्यांच्याकडं नव्हतं, आणि पेट्यांत काडी एकही नसायची. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सिगारेट तोंडात धरून पेटी मागितली. मास्तरांनी अदबीनं पुढं केली. साहेबांनी उघडली तर आत कापसावर एक मेलेली पाकोळी!

"काडी न्हाई साहेब," मास्तर म्हणाले, "पण हिचं नाव सांगू का?"

साहेबांनी सिगारेट खिशात ठेवली. हेडमास्तर पुढचा आठवडाभर मास्तरांशी बोलत नव्हते.

दिव्यावर येणाऱ्या पाकोळ्या हे मास्तरांचं वेड. त्यातही ज्यांच्या मानेभोवती लव असते आणि अंधारात ज्यांचे डोळे चमकतात, त्यांना ते 'घुबड्या' म्हणायचे. पण या वेडाला एक अट होती, आणि ती ऐकली की नवा माणूस कपाळाला हात लावायचा. मास्तर जीव मारत नसत. मुंगीसुद्धा नाही. सकाळी उठून ते स्टेशनावर जायचे आणि कंदिलांच्या काचांखाली आपोआप मरून पडलेल्या पाकोळ्या वेचून आणायचे. स्वतःच्या घरातल्या दिव्यावर मात्र मलमलीचं फडकं असायचं, एकही जीव त्यात पडू नये म्हणून.

"मेलेल्याचं नाव हुडकायला पाप न्हाई," ते म्हणायचे. "नाव हुडकायला मारलं, तर ते पाप."

बेडूक फाडायचा तास आला की ते फळ्यावर खडूनं असा बेडूक काढायचे की पुढच्या बाकावरची पोरं मागं सरकायची. खरा बेडूक फाडायला जोशी नावाचे दुसरे शास्त्राचे मास्तर होते. शास्त्राच्या खोलीतल्या त्यांच्या कपाटात क्लोरोफॉर्मची बाटली असे. मगदूम मास्तर त्या कपाटाजवळनं जातानासुद्धा कोटाचं टोक सावरून जायचे.

एका दिवाळीत मी त्यांना आमच्या घरी वाईला नेलं. आईनं दिवेलागणीनंतर हौसेनं पानं वाढली, तर हे हात जोडून उभे! जैन माणूस, दिवस मावळल्यावर जेवणार नाही. मी आधी सांगायला विसरलेलो. आई फुगून बसली. "पाहुणा उपाशी निजला तर माझ्या घराला काय म्हणतील?" दुसऱ्या दिवशी तिनं ऊन अंगणात असतानाच सगळ्या घराला पानावर बसवलं. माझे वडील कुरकुरले, "भूक तरी लागू दे." आई म्हणाली, "नाही लागली तर बघत बसा." मास्तर होते तेवढे दिवस आमचं सगळं घर उन्हात जेवत होतं. मास्तर निघाले तेव्हा आईनं त्यांना माळ्यावर सापडलेली एक मेलेली पाकोळी कागदात गुंडाळून दिली. लाडूंपेक्षा त्यांना तिचाच आनंद झाला.

नावाचा मात्र त्यांना गर्व होता. हो, गर्वच म्हणतो मी. कुणी काही आणून दाखवलं आणि नाव सांगता आलं नाही, तर त्यांना घास गोड लागत नसे. कुंडलचा एक शेतकरी एकदा उसाच्या पानात गुंडाळून अळी घेऊन आला. मास्तरांनी उलटीपालटी करून तिचं नाव सांगितलं, तिची पाकोळी कशी होते ते सांगितलं, कोषात कधी जाते तेही सांगितलं.

"आन् औषध?" शेतकऱ्यानं विचारलं.

"औषध मी सांगत न्हाई. जोशी मास्तरांना इचारा."

"आवं मास्तर, मग नाव घिऊन काय तिचं बारसं करू व्हय?"

अख्खी मास्तरांची खोली हसली. मगदूम मास्तर हसले नाहीत. "नाव कळलं की निम्मं भ्या जातं, गड्या," असं म्हणून त्यांनी ती अळी परत त्याच पानात गुंडाळून दिली.

आता धोंडीरामाबद्दल सांगतो. कवठे महांकाळकडचा पोरगा. कोरडवाहू जमीन, घरात खाणारी तोंडं फार. इथं वसतिगृहात राहून शिकत होता. गणितात भोपळा, इतिहासात त्याहून मोठा भोपळा. एकदा मगदूम मास्तरांच्या तासाला भिंतीवर पाकोळी बसली, आणि धोंडीरामानं टोपीनं फट्‌दिशी हाणली. वर्ग हसला. पोरांना वाटलं, आता छडी. मास्तरांनी काय केलं? पाकोळी कागदावर उचलून घेतली आणि धोंडीरामाच्या तळहातावर ठेवली.

"आता उडव."

"उडत न्हाई, मास्तर."

"का रं? उडव की!"

धोंडीराम ती हातात धरून तास संपेपर्यंत उभा होता. घंटा झाली तेव्हा त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्या दिवसापासून तो मास्तरांचा झाला. पास झाला नाही तो नाहीच, पण दगडाखाली, झाडाच्या सालीत, कुठं कोष दिसला की आधी मास्तरांकडं पळत यायचा.

मग लढाई सुरू झाली आणि धोंडीराम पलटणीत गेला. आमच्या भागात त्यात नवल नव्हतं. शेत पिकेना की पोरगा भरती व्हायचा.

एका उन्हाळ्यात तो रजेवर आला. खाकी कपडे, पायात बूट, मिशीची रेघ. घरी जायच्या आधी तो शाळेत आला आणि मास्तरांच्या खोलीत आम्हा दोघांसमोर त्यानं तंबाखूचा एक डबा टेबलावर ठेवला. झाकणाला भोकं पाडलेली होती.

"पार वर हुतो, मास्तर. देवदाराच्या रानात. आभाळ दिसत न्हाई असली झाडं. तंबू ठोकायला जमीन साफ करताना शेवाळात ह्यो कोष घावला. डब्यात घातला, वाटंनं पानी मारत आलो. पुन्याच्या टेसनात त्यातनं भाईर आलं बगा! मी येकटाच हसाय लागलो. लोकं म्हनाय लागली, शिपाई खुळा झाला."

झाकण उघडलं. ओल्या शेवाळावर नखाएवढी एक काळी पाकोळी बसली होती. मला विचाराल तर जळक्या कागदाचा तुकडा. पण मगदूम मास्तर वाकले ते वाकलेच.

"घुबडी हाय," ते कुजबुजले. "जिती!"

"तुमच्याकडंच आनलं," धोंडीराम म्हणाला. "दुसऱ्या कुनाच्या हातात दिलं नसतं. हिला काय म्हनत्यात वो, मास्तर?"

"तू परत गाडीत बसायच्या आत सांगतो."

"तशी घाई न्हाई."

"न्हाई कशी? सांगतो म्हणलं न्हवं!"

धोंडीराम हसला, पाया पडला आणि गावाकडं गेला. रजा आखूड होती. ती संपली की त्याच्या पलटणीला पुढं नेणार होते. कुठं, ते कुणी सांगत नव्हतं, पण पुढं म्हणजे काय ते त्या दिवसांत शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आणि मग सुरू झाली मास्तरांची तडफड. लहान आणि काळी घुबडी ओळखणं म्हणजे, ते म्हणायचे, अमावस्येला काळी म्हैस शोधणं. रंगीत पाकोळी कुणीही ओळखेल. या काळ्या सगळ्या एकमेकींच्या बहिणी. मास्तरांनी कुठल्याशा ग्रंथालयातून उशीएवढं जाड पुस्तक आणलं आणि भिंग घेऊन बसले. मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका पंखावर आहे का? आहे. कडेला नागमोडी रेघ आहे का? आहे, पण पुसट. असं करत करत उत्तरेकडच्या रानातल्या दोन जाती उरल्या. पुढचा पंख दोघींचा अगदी सारखा. फरक मागच्या पंखात. एकीच्या त्या पंखाच्या मुळाशी पांढरा डाग, दुसरीचा सगळा पंख काळा.

आणि ही बया मागचा पंख दाखवेल तर शपथ! बसली की पुढचे पंख घराच्या छपरासारखे मिटून घ्यायची. उडाली की असं फडफडायची की डोळ्याला काही लागत नसे. मास्तरांनी पिसानं डिवचलं, हळूच फुंकर घातली, कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी पाजलं. ती पाणी प्यायली आणि तिनं पंख मिटले. मी रोज शास्त्राच्या खोलीत डोकावायचो. "काय, दर्शन झालं का?" मास्तर भिंगावरून डोळा काढत नसत.

सांगलीचा उन्हाळा तिला सोसवेना. ती थकत चालली.

"थोडी कळ काढा," मी म्हणालो. "आपोआप मरेल तेव्हा बघा. नेहमी बघता तसं."

"तवर धोंडीराम जाईल. आन् ह्या मरताना इतक्या तडफडत्यात, पंखावरची भुकटी सगळी झडून जाती. मग काय बघायचं? ह्या दोनातली कुठली तरी एक असंल, असं सांगू त्याला?"

"सांगा की. त्याला काय कळतंय?"

"त्याला नसू दे कळत. मला कळतंय न्हवं?"

धोंडीराम मिरजेहून निघायचा होता त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारी मी मास्तरांना न्यायला शाळेत गेलो. स्टेशनावर आम्ही बरोबर जायचं ठरलं होतं. मास्तर खोलीतून बाहेर आले ते एखाद्या पोराला पतंग मिळावा तसे. हातात काचेच्या झाकणाची छोटी पेटी.

"सापडलं, शिंदे! डाग हाय! चांगला पांढराशुभ्र डाग!"

खोलीतून गोडसर वास येत होता. जोशींचं कपाट उघडं होतं. मी मास्तरांकडं बघितलं. त्यांनी नजर काढून घेतली.

"तशी बी मरणारच हुती," ते म्हणाले.

दुसऱ्या कुणी असं म्हटलं की मगदूम मास्तर त्याच्या अंगावर धावून जायचे. आज तेच वाक्य त्यांच्या तोंडात आलं होतं. मी ते उघडं कपाट लावून घेतलं. पण टांगा उभा होता, आणि वाटभर ते इतके खुशीत होते की काय सांगू. हिंदी गाणं काय गुणगुणत होते, टांगेवाल्याला देवदाराचं झाड कसं असतं ते काय सांगत होते!

मिरजेला गाडी लागलेली होती. दारात धोंडीराम उभा. आम्हाला बघून तो खाली उतरला.

"सापडलं रं, धोंडीराम!" मास्तरांनी पेटी त्याच्या पुढं धरली. आत टाचणीवर ती पाकोळी, चारही पंख नीट पसरलेले. मागच्या पंखावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग. खरं सांगतो, सुंदर दिसत होती. "ह्यो डाग बघ. ह्या डागावरनं कळतं. हिचं नाव..."

"मेली व्हय, मास्तर?"

मास्तर थांबले. 'हो, मेली,' एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. पण खोटं बोलायची त्या माणसाला सवयच नव्हती.

"मारली मी. डाग बघायचा हुता."

"तुमी?"

एवढंच म्हणाला तो. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. पेटी हातात घेऊन तो तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तितं रोज तेच शिकिवत्यात, मास्तर. पेंढ्याचं बुजगावनं करत्यात आन् म्हनत्यात, संगीन खुपस. लय चांगलं खुपसतो मी, साब शाबासकी देतो. म्हनून ह्यो कोष घावला तवा वाटलं, येक तरी जीव आपल्या हातनं जिता ऱ्हावा. पुन्यातच सोडली असती मी हिला. पर म्हनलं, मास्तरांकडं न्यावी. मास्तर काय मारत न्हाईत."

गार्डानं शिट्टी दिली. धोंडीरामानं पेटी परत मास्तरांच्या हातात दिली, वाकून पाया पडला आणि डब्यात चढला. "येतो, मास्तर. जपा." गाडी हलली तरी मास्तरांच्या तोंडून ते नाव बाहेर पडलं नव्हतं.

मास्तरांच्या चेहऱ्याकडं बघायची मला लाज वाटत होती. अशा वेळी दुसऱ्याची लाजसुद्धा आपल्या अंगाला चिकटते. टांग्यात ते पेटी तळहातावर ठेवून बसले होते. अर्ध्या वाटेवर मी ऐकलं, ते स्वतःशीच म्हणत होते, "आता उडव. उडव की."

त्यानंतर काड्यापेट्या कोटातून नाहीशा झाल्या. स्टेशनावरचं सकाळचं जाणं बंद झालं. शेतकरी अळ्या घेऊन येत, मास्तर म्हणत, "जोशींना दाखवा." त्या पाकोळीचं नाव मी पुष्कळ वेळा विचारलं. "ते त्याला सांगायचं हुतं," म्हणायचे. "ऱ्हाऊ द्या."

त्यांच्या समाजातल्या मंडळींना यातलं काही माहीत नव्हतं. एक दिवस चार वडीलधारे शाळेत आले. जीव न मारता शास्त्र शिकवणारा आपला माणूस म्हणून मास्तरांचा सत्कार करायचा त्यांचा बेत होता. शाल, नारळ, भाषणं. मास्तर खुर्चीत चोरासारखे आक्रसले.

"मी मारलीय एक," ते म्हणाले. "जाणूनबुजून."

मंडळी एकमेकांकडं बघून हसली. "आवं नेमूअण्णा, येवढं काय त्यात! प्रायश्चित्त म्हणून एक उपास करा, सुटला."

मास्तरांनी सत्कार घेतला नाही. उपास मात्र केला. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ म्हणाले, "उपासानं पाकोळीचं भागंल, शिंदे. पोराचं कसं भागायचं?"

लढाईत पोरं मरत होती, त्यांच्या तारा गावोगाव येत होत्या. पोस्टमन शाळेच्या फाटकातून आत आला की मास्तर वर्गात बोलता बोलता थांबायचे. त्यांना काय वाटत असेल ते मला दिसत होतं.

धोंडीराम परत आला. डाव्या हाताची दोन बोटं कुठंतरी ठेवून आला, पण आला. लग्नाचं आमंत्रण द्यायला तो शाळेत आला तेव्हा मास्तर मागच्या दारानं निघून गेले. एवढा मोठा माणूस, तास चुकवणाऱ्या पोरासारखा! धोंडीरामानं आमंत्रण माझ्याजवळ दिलं. "त्यास्नी घिऊनच या," म्हणाला. "उचलून आना, पर आना."

मी जवळजवळ उचलूनच नेलं. कवठे महांकाळच्या मोटारीत मास्तर माझ्याकडं पाठ करून बसले. मांडवात पोचलो तर बाया चिडलेल्या. एक म्हातारी ओरडत होती, "हे काय नवं खूळ गं बाई! ऊन हाय तवर वऱ्हाडाला जेवाय वाढत्यात व्हय? कुनाला भूक तरी लागलीया का?"

मला वाईची आई आठवली. मास्तरांनाही आठवली असावी, कारण ते मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले.

ऊन चांगलं अंगणात होतं, आणि पंगत बसली होती. मास्तरांसाठी बिनकांद्याची आमटी वेगळी होती. वाढायला स्वतः नवरदेव आला. कपाळाला मुंडावळ्या, हातात पळी. "आरं, नवऱ्यानं वाढत न्हाईत!" म्हणून म्हातारी पुन्हा ओरडली, तिकडं त्यानं लक्ष दिलं नाही. मास्तरांच्या पानासमोर तो उकिडवा बसला.

"मास्तर, त्या पाकुळीचं नाव सांगायचं ऱ्हायलं बगा त्या टायमाला."

मास्तरांचा हात पानावर थांबला. मी शेजारीच होतो. या माणसाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं ते नाव सांगितलं असतं, हे मला माहीत होतं. धोंडीरामालाही माहीत होतं.

"इसरलो, बाबा," मास्तर म्हणाले.

 पळीतली आमटी धोंडीरामाच्या धोतरावर ठिबकत होती.

"मग मीबी इसरलो," तो म्हणाला. "जेवा."

पुढच्याच वर्षी मी साताऱ्याच्या शाळेत गेलो आणि मगदूम मास्तर मला पुन्हा भेटले नाहीत. मला ते आठवतात ते त्या पंगतीतले. मान खाली घालून, एकेक घास अवघड जात असल्यासारखे, पण पानातलं काही न टाकता जेवणारे. ऊन मांडवाच्या छतावर चढत चाललं होतं. पंगत उठायला आली होती, फक्त मास्तर मागं राहिले होते. बत्तीवाला हातात बत्ती घेऊन अंगणात केव्हाचा ताटकळत होता.

"पेटवू का आता?" त्यानं विचारलं.

"थांब की रं जरा!" धोंडीराम मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडला. "मास्तरांचं जेवान हुं दे."